मुरण्याची मुदत

बार्लीवाइन या नावावर अनुवादकाने विश्वास ठेवू नये. ती वाइन नव्हेच. जवापासून केलेली, दहा-अकरा टक्के मद्यार्काची कडक बिअर. ताजी असताना ती घशात जाळ काढते. वर्षभरात होप्सचा कडूपणा ओसरतो, मग हळूहळू खजूर-मनुकांची, शेरीची आठवण देणारी चव येते. आणखी थांबलं, तर ओल्या पुठ्ठ्याची. यातलं बरंचसं काम प्राणवायूचं, चांगलंही आणि वाईटही. मराठीत लोणचं मुरतं, पीठ आंबतं, पोळी शिळी होते. काळ एकच, क्रियापदं तीन. आणि ती निवडतो खाणारा.

म्हणून ‘किती दिवस ठेवावी?’ याला नुसता आकडा सांगून भागत नाही. तळघरातल्या 12 अंशांतलं वर्ष आणि बंगळुरूत माझ्या फ्लॅटमध्ये एप्रिलचे 34 अंश सोसलेलं वर्ष एक नव्हे. शिवाय कळण्यासाठी बाटली फोडावी लागते, फोडली की ती संपते. ऐन भरातली कोणती होती, हे पुढची उतरणीला लागलेली चाखल्यावरच समजतं. गोव्यात हुर्राकपुढे हा पेच नाही: ती हंगामातच प्यायची, ठेवायची असेल तर पुन्हा भट्टीवर चढवून फेणी करायची.

इंग्लंडच्या जुन्या श्रीमंत घरांत मुलगा जन्मला की कडक बिअर करून ठेवत आणि तो 21 वर्षांचा झाला की पिंप उघडत. 1968 मध्ये डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोपने टॉमस हार्डीच्या नावाने बिअर काढली. नीट ठेवली तर ती 25 वर्षं टिकेल असा त्यांचा दावा होता. हार्डीला जाऊन तेव्हा 40 वर्षं झाली होती. थांबण्याच्या या सगळ्या रीतींत पिणारा कोण, हे ठरलेलं असतं. करणारा तेव्हा असेल का, हे कुणी विचारत नाही.

माझा चुलतभाऊ सिएटलला असतो. कर्नाटकात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, तिथे करता येते. मुलगी झाली तेव्हा त्याने 24 बाटल्या भरल्या, तिच्या एकविसाव्या वाढदिवसासाठी. काका 78 वर्षांचे आहेत. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, “मग मी केव्हा चाखायची?”

भाऊ म्हणतो, आत्ता फोडणं म्हणजे नासाडी, ती अजून तयार नाही. चवीपुरतं त्याचं बरोबर आहे. पण तयार नसलेली बिअर आणि न चाखता गेलेला बाप, यांत नासाडी कशाला म्हणायचं? लेकीचा वाटा मोडावा असं मी म्हणत नाही. तिला 24 बाटल्या कशाला? दरवर्षी एक फोडली तरी तिच्यासाठी चार उरतात, आणि तोवर त्यांच्या घरात त्या चवीची माहितगार माणसं असतील. मी हे त्याला लिहून कळवलं. पहिली बाटली कडू लागेल, जाळ काढेल. काकांना कोरी हातभट्टी ठाऊक आहे, ते तक्रार करणार नाहीत.

उत्तर अजून आलेलं नाही. काकांचं तिकीट ऑक्टोबरचं आहे.