हिशेब नसलेली कयामत

कयामतीची कल्पना आपल्या मनात लहानपणापासून असते. पण त्या कल्पनेत नुसता संहार नसतो, त्यानंतर हिशेबही असतो. मजलुमाला दाद मिळेल, जालिमाला जाब द्यावा लागेल, हा दिलासा त्या भयाच्या पोटातच असतो. अमेरिकन लेखक कॉर्मक मॅकार्थी यांची 'द रोड' ही २००६ सालची कादंबरी वाचून मन अस्वस्थ होते ते यासाठी, की तिथे जगाचा अंत झालेला आहे, पण हिशेब मांडणारे कुणी दिसत नाही.

या कादंबरीला २००७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. २००९ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. एक वाजून सतरा मिनिटांनी घड्याळे थांबली, एवढेच कळते. का, ते लेखक सांगत नाही. झाडे मेली, सूर्य राखेआड गेला. एक बाप आणि त्याचा लहान मुलगा ढकलगाडीत चीजवस्तू घालून समुद्राकडे निघाले आहेत. दोघांना नावे नाहीत. आईने असे जगणे नाकारून मरण पत्करले. बापाच्या पिस्तुलात मोजून दोन गोळ्या आहेत आणि वाटेत माणसे खाणारी माणसे आहेत.

एका तळघरात खाण्यासाठी कोंडलेली जिवंत माणसे दिसतात, तिथे पुस्तक मिटावेसे वाटते. हे इतके दाखवणे गरजेचे होते काय? कायद्याचा धाक आणि पोटाची सोय गेली की माणूस लांडगाच, असा धडा यातून कुणी घेतला तर तो घातक आहे. कारण ज्याला हे पटते, तो शेजाऱ्याला आधीच शत्रू ठरवतो.

पण त्या राखेत मुलगा आहे. विजेने भाजलेल्या माणसाला मदत करू या, म्हणून तो रडतो. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याला त्याच्याच हट्टामुळे जेवण मिळते. एका बंकरमध्ये अन्नाचा साठा सापडतो, तेव्हा तो साठवून ठेवणाऱ्या अनोळखी माणसांचे आभार मानून मगच घास घेतो. पुढे एक चोर त्यांची गाडी पळवतो. बाप त्याला गाठतो, अंगावरचे कपडे काढायला लावतो आणि थंडीत नागडा सोडतो. मुलाच्या रडण्यामुळे दोघे मागे फिरतात, पण चोर सापडत नाही. आपण त्याला ठार मारणार नव्हतो, असे बाप समजावतो. मुलाच्या मते त्यांनी त्याला मारलेच आहे.

बरोबर कोण? बापाला दोष देणे सोपे नाही. त्याच्या कठोरपणाशिवाय हा मुलगा दया दाखवायला जिवंतच राहिला नसता. मात्र भीतीने त्याचे प्रेम आकसत जाऊन एकाच जिवापुरते उरले आहे. शेवटी बाप मरतो. मुलगा तीन दिवस त्याच्यापाशी थांबतो. मग एक अनोळखी माणूस येतो आणि त्याला आपल्या कुटुंबात घेतो. हा शेवट काहींना सोयीचा वाटतो. मलाही तो घाईचा वाटला. एवढ्या काळोखानंतर चांगुलपणाला फार थोडी पाने मिळाली. पण त्यातला युक्तिवाद पक्का आहे. त्या अनोळखी माणसाने बापाचाच नियम पाळला असता, आपल्या माणसांपलीकडे कुणाकडे पाहायचे नाही असे ठरवले असते, तर बापाने जिवापाड जपलेले लेकरू रस्त्यावरच संपले असते. आपले लेकरू जगावे असे वाटत असेल, तर परक्याचे लेकरू जगवणारा कुणीतरी हवा. आणि प्रसंग आला तर तो 'कुणीतरी' आपणही असलो पाहिजे.

जग बुडाल्यानंतर जन्मलेल्या या मुलाला ना शाळा, ना समाज. मग नेकी त्याला शिकवली कुणी? बापानेच. तो त्याला भल्या माणसांच्या गोष्टी सांगत असे. त्या गोष्टींत आपण सगळ्यांना मदत करतो, प्रत्यक्षात मात्र करत नाही, हे मुलगा एकदा बोलून दाखवतो. आपणही मुलांना नेकीच्या गोष्टी सांगतोच. ती त्या खऱ्या मानून बसतात आणि आपल्याकडे पाहत राहतात. त्यांच्यापुढे आपला हिशेब त्याच दिवशी सुरू होतो.