नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत एका अनुस्वाराने केवढा फरक पडतो पाहा! बारशाला आपण बाळाचं नाव ठेवतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना नावं ठेवतो. 'क्लाऊनफिश' म्हणताना यातलं नेमकं काय होतं, असा मला प्रश्न पडतो.

२००३ सालच्या 'फाइंडिंग नीमो'मुळे हा प्रवाळातला इवलासा केशरी-पांढरा मासा आपल्या मुलांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. त्याची रंगरंगोटी पाहून कुणाला तरी सर्कशीतला विदूषक आठवला आणि तेच नाव रूढ झालं. पण त्याच्या संसारात हसण्यासारखं काही नाही. सी ॲनिमोनच्या विषारी शुंडकांत तो घर करतो. अंड्यांची राखण मुख्यतः नर करतो. चित्रपटात आई गेल्यावर बाबा बाबाच राहतात. खऱ्या समुद्रात मात्र मादी गेली की तिचा जोडीदार स्वतःच मादी होतो!

या प्रश्नाशी आपल्या ॲन आर्बरचं जुनं नातं आहे. मिशिगन विद्यापीठातले मत्स्यतज्ज्ञ रीव्ह बेली (१९११-२०११) हे अमेरिकन फिशरीज सोसायटीच्या माशांच्या नावांविषयीच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९६० साली नावांची यादी निघाली. नाव सुरुचीला सोडून नसावं, असा या समितीचा एक नियम आहे. 'ज्यू' हा शब्द असलेलं एका मोठ्या माशाचं नाव २००१ साली बदलून 'गोलायथ ग्रूपर' केलं गेलं.

माशाला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. तिथे माणसं दुखावत होती. 'क्लाऊन'ने तर कुणीच दुखावत नाही. मग बिघडलं कुठे?

माझ्या मुलीची, मृण्मयीची, शाळेत 'माया' झाली. मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, माया मला चालतं. पण आधी विचारायला हवं होतं ना?"

मला वाटतं, सगळं मर्म या विचारण्यात आहे. माशाला विचारता येत नाही. निदान त्याच्याकडे नीट पाहता तरी येतं. माणसाला तर विचारताही येतं. तरीही आपल्याच पार्ट्यांमध्ये चिनी शेजाऱ्याला, भारतातून नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला मागे काय म्हटलं जातं, ते आपण सगळेच ऐकतो. ते नाव ठेवणं नव्हे, नावं ठेवणंच. आणि मंडळी, आपली मुलंही ते ऐकत असतात.