प्राण दिला, कीं घेतला गेला?

पुष्कळ वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील मंडळींत, सैन्यांत पडलेल्या तेथील एका तरुणाच्या स्मरणार्थ उपासना होती, आणि उपदेशाचें काम आमच्याकडे आलें होतें. मित्रांकरितां प्राण देणाऱ्याच्या प्रीतीविषयीं प्रभूचें जें वचन योहानाच्या शुभवर्तमानांत आहे, तेंच आम्हीं घेतलें. अशा प्रसंगीं सर्वच उपदेशक तें घेतात. उपदेश बरा झाला असें आम्हांस वाटलें. उपासना संपल्यावर त्या तरुणाची आई जवळ आली व हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्या लेकानं जीव दिला न्हाई. त्याचा जीव घेतला. त्याला नाताळाला घरी यायचं हुतं."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. प्रश्न केवळ शब्दांचा आहे असें प्रथम वाटतें, परंतु तो तसा नाहीं. "दिला" असें एकदां म्हटलें, कीं घेणाऱ्याचा हिशेब मिटतो, धाडणाऱ्याचा मिटतो, आणि त्या शिपायाच्या हातून जे मेले त्यांचा तर कोणी मांडीतच नाहीं. अधांतरीं विचार करण्यापेक्षां एका खऱ्या शिपायाकडे पाहूं.

पूर्वींच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांत, माणगांव तालुक्यांत पळसगांव म्हणून खेडें आहे. तेथें ता. १६ नोव्हेंबर १९२१ रोजीं यशवंत घाडगे जन्मला. आज तो असता तर त्याची शंभरी उलटली असती व आम्ही त्यास अहोजाहो केलें असतें. परंतु तो बावीस वर्षांचाच राहिला, म्हणून घरच्या लेकरासारखें एकेरी बोलतों. कोंकणांत पाऊस उदंड, पण शेत लहान. भात कापून झालें कीं घरांतल्या तरण्या मुलानें एक तर मुंबईची गिरणी धरावी, नाहीं तर पलटणींत नांव घालावें, अशी त्या मुलखाची जुनी चाल होती. हिंदुस्थानांत सक्तीची लष्करभरती नव्हती, तरी युद्ध संपेपर्यंत शिपायांची संख्या पंचवीस लाखांवर गेली. तें युद्ध मात्र ता. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांनीं येथील पुढाऱ्यांस न विचारतां हिंदुस्थानच्या नांवानें जाहीर केलें होतें. शिपायानें नांव दिलें तें आपल्या खुशीनें, हें खरें. पण रिकाम्या कणगीजवळून उठून जाणाऱ्याची खुशी किती, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

यशवंत ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत नाईक होता. नाईक म्हणजे लहानशा तुकडीचा म्होरक्या. ता. १० जुलै १९४४ रोजीं इटालींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, त्याच्या कंपनीनें शत्रूच्या एका मजबूत ठाण्यावर हल्ला केला. अगदीं जवळून मशीनगन सुटली, आणि यशवंताखेरीज त्याच्या तुकडींतील झाडून सारे मेले किंवा घायाळ झाले. तो तसाच पुढें धावला. प्रथम त्यानें हातबाँब फेंकला. मशीनगन बंद पडली व ती चालविणाराहि पडला. मग टॉमीगननें त्यानें दुसऱ्यास मारिलें. गोळ्यांची पेटी बदलावयास सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या तडाख्यांनीं उरलेल्या दोघांस ठार केलें. इतक्यांत दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यास लागल्या, आणि जें ठाणें त्यानें एकट्यानें घेतलें तेथेंच तो मेला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घरीं त्याची पत्नी विधवा झाली.

ह्यांत देणें कोठें आहे? आम्हांस वाटतें, तें त्या थोड्या पावलांत आहे. सगळी तुकडी पडल्यावर जमिनीस चिकटून राहणें त्यास शक्य होतें, आणि त्याबद्दल कोणी शहाण्यानें त्यास बोल लाविला नसता. परंतु मागें घायाळ पडले होते, आणि मशीनगन चालू असतां त्यांस उचलावयास कोण येणार? धावतांना त्याच्या मनांत प्रीति होती, कीं संताप होता, कीं दोन्ही होतीं, हा निवाडा आमचा नव्हे. त्यानें आपला आडोसा दिला. प्राण मात्र त्याचा घेतला गेला. आणि त्याआधीं त्यानें चौघांचा घेतला होता.

त्या चौघांसहि आया होत्या. जर्मनींत लष्करभरती सक्तीची होती. तेथील पोरास गिरणी कीं पलटण असा विचार करण्याचीहि मोकळीक नव्हती. त्यांच्या राज्यकर्त्यांनीं लाखों यहूदी लोकांची जी कत्तल मांडली होती, ती बळानेंच थांबवावी लागली, असें आमचें मत आहे. (शस्त्र मुळींच धरूं नये असें मानणारे बंधु आपल्यांत आहेत; त्यांचा आम्ही मान राखतों.) तरी बंदुकीच्या तडाख्याखालीं सांपडलेले ते दोघे म्हणजे तें राज्य नव्हे.

येथें आम्हांस आमची चूक दिसते. ज्या रात्रीं प्रभूनें मित्रांकरितां प्राण देण्याविषयीं सांगितलें, त्याच रात्रीं बागेंत त्यानें पेत्रास तरवार म्यानांत घालावयास लाविली. दोन्ही गोष्टी एकाच शुभवर्तमानांत, थोड्याच अध्यायांच्या अंतरानें आहेत. आम्हीं पहिली वाचली व दुसरीवर बोट ठेवून पान उलटिलें. रक्तानें भरलेल्या भिंतीवर चुना फांसावा तसें तें वचन आम्हीं वापरिलें, आणि त्या आईनें तें ओळखिलें.

मग शूराचा गौरव करूं नये काय? करावा, पण सगळा सांगून करावा. पूर्वींच्या नगर जिल्ह्यांतील निमजचे नामदेव जाधव ह्यांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीपाशीं त्यांनीं गोळ्यांच्या वर्षावांत, खोल पाण्यांतून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून, एकामागून एक असे दोन जखमी सोबती वाहून नेले. मग पडलेल्या सोबत्यांचा सूड घेण्यासाठीं ते परत फिरले व शत्रूच्या मशीनगन त्यांनीं बंद पाडिल्या. हात दुखावला तेव्हां बंदूक टाकून हातबाँब घेतले. त्याच हातांनीं थोड्या वेळापूर्वीं घायाळांस उचलिलें होतें. ते जगले, घरीं आले व १९८४ सालीं वारले. ह्या हातांचे दोन भाग करून एक पूजावा व एक झांकावा, हें आम्हांस साधत नाहीं.

इटालींत ५७८२ हिंदी शिपाई पडले. यशवंताचें नांव कसिनो येथील स्मारकावर आहे. ज्यांच्या कबरी ठाऊक नाहींत अशा चार हजारांवर लोकांचीं नांवें तेथें आहेत. माणगांवास त्याचा पुतळा आहे. इटालींत मोंतोने ह्या गांवीं २०२३ सालीं त्याच्या नांवानें एक स्मारक उभारिलें, तें सूर्यघड्याळाच्या रूपाचें आहे, व सर्व माणसें एकाच सूर्याखालीं राहतात अशा अर्थाचें बोधवाक्य त्यास दिलें आहे. तोफ किंवा तरवार न उभारितां त्या लोकांनीं घड्याळ निवडिलें, हें आम्हांस आवडलें. तेथील ऊन त्या चौघांच्या मातीवरहि पडतें.

गेल्या वर्षीं त्याच खेड्यांत पुन्हां स्मरणाची उपासना झाली. आम्हीं तें वचन वाचिलें, आणि लागलीच बागेंतील प्रसंगहि वाचिला. मध्यें कांहीं बोललों नाहीं. मग त्या तरुणाचें नांव, गांव व वय सांगितलें. आई पहिल्या चटईवर बसली होती. उपदेशाविषयीं तिनें अवाक्षर काढिलें नाहीं. पण आम्हांस घरीं चहास नेलें, व पलटणींतून परत आलेली त्याची पत्र्याची ट्रंक उघडून दाखविली. वरच, धाकट्या बहिणीसाठीं नाताळास घेतलेली साडी होती, घडी न मोडलेली.