तू हो पुढं

१४ एप्रिल २०२४ रोजी बीजिंगच्या अर्धमॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात चौघे जण एकत्र पळत होते. चीनचा हे जिए, केनियाचे रॉबर्ट केटर आणि विली म्नांगाट, आणि इथिओपियाचा देजेने हैलू. अंतिम रेषा डोळ्यांसमोर आली तशी तिघा आफ्रिकी धावपटूंची पावलं मंदावली. एकाने तर हाताने खूण करून हे जिएला पुढं जायला सांगितलं. तो १ तास ३ मिनिटं ४४ सेकंदांत पहिला आला आणि उरलेले तिघे एका सेकंदाने मागे राहिले. ती चित्रफीत जगभर फिरली. तिघांपैकी म्नांगाटने आधी कारण दिलं की, तो माझा मित्र आहे. पुढे त्यानेच सांगितलं की, आम्हाला वेग धरून देण्यासाठी, म्हणजे पेसर म्हणून नेलं होतं. चौकशी झाली आणि चौघांचीही पदकं आणि बक्षिसाची रक्कम काढून घेण्यात आली.

म्नांगाटने दिलेलं ते पहिलं कारण माझ्या मनातून जात नाही. मैत्रीचं नाव घेतलं की ऐकणारा पुढचा प्रश्न विचारत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये चिठ्ठी पोचवणारा हेच सांगतो आणि रांग मोडून ओळखीच्या माणसाचा कागद आधी पुढे सरकवणाराही हेच सांगतो. दोस्तीखात्यात झालं म्हटलं की सगळं माफ होतं, असं आपण धरून चालतो. पण हे जिए काही उपकाराच्या लायकीचा कच्चा गडी नव्हता. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्णपदक त्याने मिळवलेलं होतं. त्या दिवशी जीव तोडून पळाला असता तर त्याने केटरला गाठलं असतं का, हे आता त्याला स्वतःलाही कधी कळणार नाही. सोबत्यांनी त्याला पहिला नंबर दिला आणि त्या बदल्यात त्याची शर्यत काढून घेतली. मला यात सगळ्यात मोठा अन्याय त्याच्यावरच झालेला दिसतो.

मग मित्रासाठी वेग कमी करणं हेच वाईट का? तसं म्हणायला मन धजत नाही, आणि त्याचं कारण रोज पहाटे आमच्या मंठ्याच्या रस्त्यांवर पळत असतं.

शेगावहून पंढरपूरला जाणारा पालखी मार्ग मंठ्यातून जातो. पहाटे पाचला त्यावर निघालात तर दोन्ही बाजूंच्या कपाशीच्या आणि सोयाबीनच्या अंधारातून बुटांचे आवाज आधी ऐकू येतात आणि माणसं नंतर दिसतात. ही भरतीची पोरं. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण, त्यातले २० पळण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलाने ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत अंतर कापलं तर वीसच्या वीस गुण, त्यापुढे एकेका सेकंदाला भविष्य झिजत जातं. जागा मोजक्या आणि अर्ज करणारे अफाट. म्हणजे शेजारी पळणारा दोस्त हाच उद्याचा प्रतिस्पर्धी. तरीही ही पोरं एकमेकांना उठवायला जातात. फोन उचलला नाही तर दारात जाऊन हाका मारतात. एकाचा दम तुटला तर दुसरा त्याच्या बरोबरीने चालत येतो, आणि मग दोघं मिळून पुन्हा पळायला लागतात. एकाकडे चांगले बूट असतील तर दुसऱ्याच्या चाचणीच्या दिवशी ते त्याच्या पायांत असतात. चाचणीच्या मैदानावर मात्र प्रत्येक जण स्वतःच्या नावाने पळतो. तिथे कुणी कुणासाठी थांबत नाही आणि थांबला नाही म्हणून कुणी रुसतही नाही. सराव दोघांचा आणि परीक्षा एकेकट्याची, ही समज त्यांना कुणी शिकवलेली नाही. बीजिंगच्या त्या तिघांना ही मुलं बरंच काही सांगू शकली असती.

मुलींसाठी तर सोबत हीच पहिली अट असते. एकटीला कुणी अंधारात सोडत नाही. मैत्रीण येणार असेल तर घरातून होकार मिळतो. एखादीच्या मागे बाप मोटारसायकलवर हळूहळू येतो आणि गाडीच्या उजेडात ती पळते. शेजारच्या परभणीच्या ज्योती गवतेने २०१७ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. या मुलींच्या घरी हे नाव माहीत असतं आणि होकार मिळवताना ते कामाला येतं.

या सोबतीत जिवाची जबाबदारीही असते, आणि तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. जानेवारी २०२५ मध्ये बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ पहाटे सराव करणाऱ्या तरुणांना बसने उडवलं आणि तिघे जण गेले. बातमी वाचून आमच्याकडे कित्येक घरांत दोन दिवस पोरांना बाहेर पडू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा रस्त्यावर होती, कारण रस्त्याशिवाय पळायला जागा नाही. तालुक्याच्या गावाला एक मातीचा ट्रॅक आणि त्यावर चार दिवे मिळावेत ही मागणी कुणाला मोठी वाटण्याचं कारण नाही. तोवर जोडीने पळणाऱ्यांनी समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळावं, एकामागे एक राहावं, अंगावर चमकणारी पट्टी असावी. आणि दोघांपैकी एकाचे कान तरी मोकळे असावेत. दोघांच्याही कानात गाणी वाजत असतील तर त्या रस्त्यावर दोन एकटी माणसं पळत असतात.

आता अर्धमॅरेथॉनकडे येतो. २१ किलोमीटर ९७.५ मीटर. आपल्या मराठवाड्याच्याच, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीत हे अंतर १ तास ० मिनिटं ३० सेकंदांत पार करून राष्ट्रीय विक्रम केला. तुम्ही-आम्ही त्याला दोन-अडीच तास घेतो. तिथे नोकरी नाही, गुण नाहीत, आपल्या पुढे शेकडो आणि मागेही शेकडो. त्यामुळे भरतीच्या पोरांची ती स्वच्छ विभागणी इथे लागू पडत नाही. सराव आणि परीक्षा एकाच सकाळी असतात, आणि मित्र शेजारीच असतो.

शाळेपासूनच्या एका मित्राबरोबर मी ही दौड छत्रपती संभाजीनगरला पळालो. तो मंठ्याजवळ शेती करतो, बोलायला मोकळा आणि चालायला चिवट. पहिले बारा-तेरा किलोमीटर आम्ही बोलत गेलो. तुरीचा भाव, त्याच्या मुलीचं बारावीचं वर्ष, विहिरीचं रखडलेलं काम. पळताना बोलता येतं तोवर वेग झेपतोय, असं जुने धावपटू सांगतात आणि ते खरंच आहे. पुढं त्याची वाक्यं तुटायला लागली, मग नुसते हुंकार राहिले. सोळाव्याच्या आसपास त्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो म्हणाला, ‘‘तू हो पुढं. माझ्यापायी तुझं टायमिंग नको बिघडवू.’’

हे वाक्य म्हणणाऱ्याच्या मनात काय चालतं ते बघा. त्याला खरंच वाटत असतं की आपण याच्या गळ्यातलं लोढणं झालो आहोत. दुखऱ्या पोटरीपेक्षा ते ओझं जड असतं. अशा वेळी आपण थांबलो आणि थांबल्याचं चेहऱ्यावर दिसू दिलं, तर त्याला उरलेलं अंतर आपल्या उपकाराखाली पळावं लागतं. घड्याळाकडे पाहिलेलं त्याला दिसतं. अर्धं पाऊल पुढं राहिलेलंही दिसतं. ही अर्ध्या पावलाची गोष्ट पळणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. सोबत म्हणून राहायचं पण नकळत अर्धं पाऊल पुढं ठेवायचं, म्हणजे मागचा सतत ओढला जातो आणि त्याचा श्वास कधी बसतच नाही. मी त्याच्या किंचित मागे झालो आणि वेग ठरवणं त्याच्यावर सोडलं. त्याने चाललं की चालायचं, तो पळाला की पळायचं. एक बैल दमलेला असला की शेतकरी जू थोडं सरकवून बांधतो, भाराचा मोठा वाटा दुसऱ्याकडे जातो आणि तास तरीही दोघं मिळून पुरं करतात. जू किती सरकवायचं हे मात्र समोरच्या बैलाकडे बघूनच ठरतं, त्याचं कोष्टक नसतं.

पण मित्राऐवजी आपण त्याचं अंतर पळू शकत नाही, हेही तितकंच खरं. अंध धावपटूंच्या शर्यतीत ही मर्यादा नियमातच आहे. धावपटू आणि वाटाड्या एका छोट्या दोरीने जोडलेले असतात. वाटाड्याने त्याला ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि रेषा त्याच्याआधी ओलांडायची नाही. मला हा नियम फार सुंदर वाटतो. बरोबर असायचं, सगळ्या वाटेवर असायचं, आणि विजय ज्याचा त्याला मिळेल इतकं मागं राहायचं.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये याच दोरीने एक अवघड प्रसंग उभा केला. स्पेनची एलेना काँगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. मागची स्पर्धक तीन मिनिटांहून अधिक मागे होती. रेषा दोन-एक मीटरवर असताना तिच्या वाटाड्याला गोळा आला आणि तो कोलमडू लागला. तिने त्याला सावरण्यासाठी क्षणभर दोरी सोडली. रेषेपर्यंत दोरी धरलेलीच पाहिजे हा नियम, म्हणून त्या दिवशी तिला बाद ठरवलं गेलं. बीजिंगमध्ये सोबत्यांनी जे केलं ते सगळं ठरवून केलेलं, आणि इथे हात आपसूक पुढं गेला. नियम राखणाऱ्यांची अडचण मी समजू शकतो. प्रत्येकाच्या मनात शिरून हेतू तपासणं पंचाला जमत नाही. पण चाळीस किलोमीटरहून अधिक ज्याने तिला डोळे दिले तो पडत असताना, दोरी धरून ठेवण्याचा विचार तिच्या मनात आला असता तर मला तिची काळजी वाटली असती. पदकाचा न्याय पंचांनी करावा. तिच्या वागण्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात हाच प्रश्न याहून कठोर होऊन येतो. हिमालयाच्या वाटेवर आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. युधिष्ठिर मागं वळून बघत नाही. लहानपणी मला याचा राग यायचा. आणि तोच युधिष्ठिर पुढे, सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात बसायला नकार देतो. इंद्र त्याला नेमकं हेच विचारतो की, बायको-भाऊ सोडलेस आणि कुत्रा का सोडवत नाही? त्याचं उत्तर असं की, ते जिवंत असताना मी त्यांना सोडलं नव्हतं. मेलेल्यांना परत आणणं माझ्या हाती नव्हतं. हा मात्र जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर इथवर आला आहे. अशाला टाकण्याचं पाप तो मित्रद्रोहाच्या तोडीचं मानतो. माझा लहानपणचा राग या उत्तराने पुरता गेलेला नाही, भीमासाठी तरी त्याने वळायला हवं होतं असं आजही वाटतं. पण भरवशावर आलेला जिवंत सोबती, ही त्याची कसोटी मला पटते.

पळण्यात हा भरवसा श्वासाइतका प्रत्यक्ष असतो. उन्हाने किंवा श्रमाने माणूस बिघडायला लागला की ते आधी त्याला स्वतःला कळत नाही. डोकं गरगरायला लागतं, बोलणं भरकटतं, पावलं वाकडी पडतात, आणि विचारलं तर तो म्हणतो, काही नाही, मी मस्त आहे. रस्त्याकडेचा स्वयंसेवक त्याला पहिल्यांदाच पाहत असतो, त्याला वाटतं हा असाच पळत असेल. रोजची चाल आणि रोजचा आवाज ज्याला पाठ आहे, त्यालाच फरक कळतो. म्हणून अशा वेळी मित्राचं म्हणणं न ऐकण्याचा अधिकार मित्राला असतो, आणि तो वापरलाच पाहिजे. छातीत दुखतंय, जबडा किंवा हात भरून आलाय, थंड घाम फुटलाय, असं असेल तर पदक राहू द्या. त्याला बसवा आणि मदत बोलवा. बोलण्यात भ्रम आला आणि अंग तापलेलं असेल तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, गाडी येईपर्यंत थांबू नका. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. चार महिने घाम गाळून मिळवलेली शर्यत आपण त्याला सोडायला लावतोय, तो चिडेल, कदाचित महिनाभर बोलणारही नाही. ते सोसायचं.

माझ्या मित्राचं प्रकरण इतकं गंभीर नव्हतं, नुसती पोटरी होती. तीन किलोमीटर आम्ही चालत-पळत काढले. मग त्याचा श्वास बसला, वाक्यं पुन्हा जुळायला लागली, आणि त्याने तेच पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज वेगळा होता. त्याला शेवटचा तुकडा एकट्याने काढून बघायचा होता. मी गेलो. मला वाटतं तेव्हा थांबणं हाही त्याच्यावर अविश्वासच झाला असता.

थंडीत ठिकठिकाणच्या दौडी सुरू होतील आणि आमच्याकडूनही जोड्या जोड्यांनी माणसं निघतील. ‘तू हो पुढं’ हे कधीतरी ऐकायला मिळेलच. पहिल्यांदा म्हणाला तर ऐकू नका, तो बहुधा संकोच असतो. थोडं अंतर गप्प बरोबर राहा आणि त्याला पुन्हा म्हणू द्या. वाक्य सरळ आलं, नजर ठिकाणावर असली, तर निघा आणि स्वतःच्या पूर्ण ताकदीने पळा, मागं वळून त्याला लाजवू नका. पण वाक्य अडखळलं तर तुमची शर्यत तिथे संपली असं समजा. आणि सुखरूप वाटला तरी निघण्याआधी आजूबाजूच्या एखाद्या धावपटूला त्याच्याकडे लक्ष ठेवायला सांगा, त्याला ऐकू येईल अशा बेताने नव्हे.