आण्याचे सहा पैसे

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लहानशा वर्कशॉपात दोघेच जण. आबा मिस्त्री आणि नुकताच आयटीआय करून आलेला नंदू. आबा सुतात बोलायचे, नंदू एमएममध्ये. आबांनी "अडीच सुती ड्रिल दे" म्हटलं की नंदूचा हिशेब सुरू व्हायचा. आठ सुतांचा इंच, इंचाचे पंचवीस एमएम, म्हणजे आठचं ड्रिल! ड्रिलच्या डब्याच्या झाकणावर त्याने खडूने लिहूनच ठेवलं होतं, '१ इंच = २५'. आणि भागतही होतं. अडीच सूत म्हणजे खरं तर ७.९४ एमएम; साध्या आरपार भोकाला आठचं ड्रिल लावलं तर कुणाचं काय अडतंय?

एक दिवस एका छापखान्यातून जुन्या विलायती मशीनची बिडाची चौकट आली. तिच्या एका कडेला एका ओळीत, इंचाइंचावर, पाव इंची आट्यांची १२ भोकं. वरची पट्टी हरवली होती, ती नवी करायची. आबा जेवायला घरी गेले आणि नंदूने काम हातात घेतलं. पहिल्या दोन भोकांतलं अंतर पट्टीने मोजलं. पंचवीस आणि वर केसभर. केस सोडला. पंचवीस-पंचवीसवर पंच मारत गेला. स्क्रू ६.३५ एमएमचा, डब्यात ६, ६.५ आणि ७ ची ड्रिलं. सैल बरं म्हणून त्याने सातचं लावलं.

पहिले दोन स्क्रू गुमान बसले. तिसरा अडला.

नंदूने सगळी भोकं आठची केली. पाच स्क्रू गेले, सहावा हटून बसला. मग दहाचं ड्रिल लावलं, तेव्हा दहापर्यंत मजल गेली. आता आणखी एक ड्रिल मोठं घेतलं असतं, तर स्क्रूचं डोकंच भोकात उतरलं असतं.

आबा आले. पट्टीकडे बघितलं, चाळण झालेली. ओरडले नाहीत, हेच नंदूला जास्त लागलं.

"माझी आजी मंडईत भाजी विकायची," स्टूल ओढत ते म्हणाले. "५७ साली नवे पैसे आले. रुपयाचे आणे सोळा, पैसे शंभर. मग एका आण्याचे किती?"

"सव्वासहा."

"पाव पैसा कुठनं आणणार? आण्याला सहा पैसे ठरले. चार आणे एकदम दिले तर पंचवीस, ते बरोबर. पण आजीचं गिऱ्हाईक आण्याआण्याचं. सोळा जुड्या विकल्या की पूर्वी रुपया जमायचा. आता मोजले तर शहाण्णव पैसे. ती म्हणायची, चोर तर कुणी आला न्हाई, मग पैसे गेले कुठं?"

नंदूने पट्टीकडे पाहिलं. बारा भोकं, मधे अकरा इंच. इंचामागे चार दशांश एमएम. बोटांवर मोजता मोजता तो थांबला. शेवटचं भोक साडेचार एमएमने मागे पडलं होतं, थोडंसंच कमी.

"दुसरी पट्टी काप," आबा म्हणाले. "माझ्या नावावर लिही."

या खेपेला नंदूने मागच्या भोकापासून मोजलंच नाही. सगळी मापं एकाच टोकापासून घेतली. व्हर्नियरवर २५.४, मग ५०.८, मग ७६.२, असं करत शेवटचं २७९.४. ड्रिल साडेसहाचं. अंधार पडायच्या आत बारावा स्क्रू बोटानेच फिरत आत गेला.

जाताना त्याने झाकणावरच्या पंचवीसपुढे टिंब देऊन चार लिहिला. आबांनी चष्मा वर केला.

"एवढं बारीक कोण लक्षात ठेवणार रं?"

"म्हणून तर लिहिलंय, आबा."

आबांनी ओठाला बोट लावलं, खडूचा तो चार पुसला आणि खिशातला स्क्राइबर त्याच्या हातात दिला.

"मग कोरून लिही."