कागद कशाला?

‘अरे, घरातलाच ना तू? मग कागद कशाला?’

देवगडचे काका असं म्हणाले आणि मला हायसंच वाटलं. ते माझ्या मावशीचे शेजारी. त्यांच्याकडे करार मागायचा कसा, हेच मला कळत नव्हतं. हापूसच्या पेट्या थेट ग्राहकाला विकणारी वेबसाइट. ४०,००० रुपये, २५,००० आधी, १५,००० काम झाल्यावर. ठरलं ते एवढंच.

मी म्हणालो, काम झालं. काका म्हणाले, ‘ऑनलाइन पैसे भरायची सोय कुठाय?’ माझ्या मते पेमेंट गेटवे हे वेगळं काम. त्यांच्या मते दुकान म्हटलं की गल्ला आलाच. दोघंही प्रामाणिक होतो. ‘काम झालं’ म्हणजे काय, हे कुणीच बोललं नव्हतं. त्यांनी उरलेले पैसे अडवले.

अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी मी वेबसाइट बंद केली. डोमेन सोयीसाठी माझ्या नावावर घेतलेलं, होस्टिंगचा पासवर्डही माझ्याकडेच. तासाभरात पैसे आले. मागोमाग मेसेज आला, ‘मिळाले का?’ बाकी काही नाही.

मी चुकलो का? तेव्हा कायदा वाचून मी स्वतःची समजूत काढली होती. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत लिहिलेला कोड सहसा कंपनीचा असतो, पण फ्रीलान्सरचा कोड, वेगळं काही ठरलं नसेल तर, फ्रीलान्सरचाच. पूर्ण पैसे दिले म्हणून हक्क आपोआप जात नाहीत. ते सही करून लेखी द्यावे लागतात. त्यातही मुदत लिहिली नाही, तर ती ५ वर्षांचीच धरली जाते.

म्हणजे कोड माझा होता. पण डोमेन हे त्यांच्या बागेचं नाव होतं, पेट्यांवर छापलेलं. आणि मोसम वर्षातून एकदाच येतो. मी पैसे वसूल केले ते माझ्या हक्काच्या जोरावर नाही, त्यांच्या अडचणीच्या जोरावर.

तोंडी करारही करारच असतो. १८७२चा करार कायदा प्रत्येक गोष्ट कागदावरच हवी असं म्हणत नाही. पण १५,००० रुपयांसाठी कोर्टात कोण जातं? मग ज्याच्या हातात जे असेल, ते तो वापरतो. त्यांच्या हातात पैसे होते, माझ्या हातात पासवर्ड.

कागद मागणं म्हणजे अविश्वास, असं आम्हां दोघांना वाटलं होतं. खरं तर पहिल्या दिवशी आमचा एकमेकांवर पूर्ण विश्वास होता. ज्याच्यावर ठेवायला नको होता, तो दोन महिन्यांनंतरचा चिडलेला मी होतो. जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१मध्ये म्हटलं होतं, की आपली जागा कोणती असेल हे माहीत नसताना माणसं जे नियम ठरवतील, ते न्याय्य. पहिला दिवस थोडा तसा असतो. उद्या कोण कुणाच्या कचाट्यात सापडेल, हे तेव्हा दोघांनाही माहीत नसतं.

अर्थात, कागद असला म्हणजे न्याय झाला असंही नाही. पुढे एका कंपनीने मला करार पाठवला: हक्क पहिल्या दिवसापासून त्यांचे, पैसे त्यांचं ‘समाधान’ झाल्यावर. घरभाडं द्यायचं होतं, सही केली. तिथे सगळं लेखी होतं, पण दोघांनी मिळून ठरवलेलं काहीच नव्हतं.

आता माझा करार दोन पानांचा असतो. काय करणार, काय नाही, किती वेळा बदल, कोणता हप्ता कधी. शेवटचा हप्ता आला की कोडचे हक्क ग्राहकाचे. आणि डोमेन पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या नावावर. हे शेवटचं वाक्य माझा हात बांधतं, म्हणून ते मीच आधी लिहितो.

काकांचं डोमेनही नंतर त्यांच्या नावावर करून दिलं. मावशीकडून दरवर्षीसारखी यंदाही पेटी आली. दुसऱ्या बागेतली.