फेरी पूर्ण कधी होते?

द्वारका म्हटले की, माउली, आपल्यापुढे पांडुरंग जिथून पंढरीस आला ती नगरी उभी राहते. नाशिककरांची द्वारका मात्र एक गजबजलेला चौक आहे. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो आणि पुण्याचा रस्ता इथेच फुटतो. श्रावणात सिन्नर, मालेगावकडून त्र्यंबकेश्वरी निघालेल्या पुष्कळशा गाड्या याच चौकातून पुढे सरकतात. त्यांत दोन प्रकारची माणसे असतात. एकाच्या गळ्यात तुळशीची माळ आणि खांद्याला पिशवी, तर दुसऱ्याच्या पाठीवर सॅक आणि पायांत जाड तळाचे बूट. पहिला ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेला असतो, दुसरा हरिहर किंवा अंजनेरीच्या ट्रेकला. आपण एकाला यात्रेकरू म्हणतो, दुसऱ्याला हौशी. पण चिखल तोच, पाऊस तोच, दमणेही तेच. मग एकाचे चालणे पुण्य आणि दुसऱ्याचे नुसती मौज, हे ठरते कशावरून?

आपले उत्तर तयार असते: भावावरून. हे उत्तर खोटे नाही, पण जरा सोयीचे आहे. आपला भाव आपणच मोजायचा आणि पूर्ण गुणही आपणच घ्यायचे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची फेरी आठवून पाहा. आदल्या रात्रीपासूनच कुशावर्तावर स्नानाला गर्दी होते आणि अंधारातच लोक चालू लागतात. प्रयागतीर्थ, पहिने, सापगाव अशी साधारण २० किलोमीटरची ही वाट. थोरली फेरी याहून लांब. या वाटेवर एक गोष्ट घडते, तिच्याकडे आपले लक्ष नसते. ब्रह्मगिरीच्या एका अंगाचे पाणी गोदावरी होऊन पूर्वेच्या समुद्राला जाते. याच डोंगररांगेत वैतरणा उगम पावते आणि पश्चिमेला वळते. तिचे धरणात अडवलेले पाणी मुंबईकर पितात. म्हणजे एका फेरीत आपण दोन समुद्रांकडे निघालेले पाणी ओलांडतो. तिथे टाकलेली पत्रावळ, पाण्याची बाटली, उदबत्तीचे पाकीट कुठवर जात असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आणि शेते? श्रावणात या भागात भाताची आवणी नुकतीच झालेली असते, उतारावर नागली आणि वरई उभी असते. ठरलेली वाट चिखलाने भरली की कोणीतरी बांधावर चढतो. त्याच्यामागे दहा, दहांच्या मागे हजार. संध्याकाळपर्यंत बांध फुटतो, खाचरातले पाणी निघून जाते. ते खाचर बहुधा एखाद्या कोळी किंवा ठाकर कुटुंबाच्या वर्षभराच्या तांदळाचे असते. मुखी हरिनाम आहे आणि पायाखाली दुसऱ्याचे अन्न आहे. हे पुण्य कोणाच्या खात्यावर लिहायचे? ज्या पुण्याची किंमत दुसरा भरतो ते माझे कसे, हा प्रश्न मला तरी टाळता येत नाही.

सॅकवाल्यांची बाजू घेण्याचा हा प्रयत्न नाही. पहिन्याच्या धबधब्यांपाशी पावसाळ्यात रविवारी काय चालते, हे तिथल्या गावकऱ्यांना विचारावे. तरी उतरताना दुसऱ्यांच्याही बाटल्या गोळा करून आणणारी पोरे डोंगरात भेटतात. त्यांच्या गळ्यात माळ नसते. त्यांना हौशी म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

एका बाबतीत मात्र फेरी ट्रेकहून निराळी आहे, आणि हे मी आपलेपणाच्या मोहाने म्हणत नाही. चढणाऱ्याला शिखर गाठायचे असते. प्रदक्षिणेला शिखरच नाही. डोंगर सतत उजव्या हाताला राहतो, आपण कडेकडेने जातो. मध्ये दुसरा कोणी आहे, मी नाही, हे पायांना शिकवण्याची ती रीत आहे. मनाने मात्र ‘माझी फेरी, माझा संकल्प, माझे सातवे वर्ष’ असे मोजले की मध्ये पुन्हा ‘मी’ येऊन बसतो.

या मोजण्यावर उतारा आपल्याच परंपरेत आहे. विठ्ठलपंत रुक्मिणीबाई आणि मुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत होते. वाघ आला, पळापळ झाली, लहानगा निवृत्ती वाट चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत शिरला, अशी कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. वाघाचा प्रसंग रंगवताना एक गोष्ट सांगायची राहून जाते. निवृत्तिनाथांची ती फेरी अर्धीच राहिली! हिशेबाने पाहिले तर संकल्प मोडला. पण त्या मोडलेल्या फेरीतून गुरूपदेश मिळाला, तो ज्ञानदेवांपर्यंत पोचला आणि शके १२१२ मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी झाली. आज त्र्यंबकला आपण ज्या समाधीवर डोके ठेवतो, ती फेरी पुरी न केलेल्या मुलाची आहे.

मग वाटेत कोणा म्हाताऱ्या माउलीचा पाय मुरगळला आणि तिला घेऊन आपण पहिन्यातूनच मागे फिरलो, तर फेरी राहिली असे कोणी म्हणावे? आणि बांध तुडवून, वीसच्या वीस किलोमीटर भरून, सूर्य कलण्याआधी कुशावर्तावर परत आलो, तर ती झाली असे तरी कसे म्हणावे?

यंदाही ती आडवाट समोर येईल. दोन पावलांवर कोरडा बांध, इकडे घोट्याएवढा चिखल, मागून येणाऱ्यांची घाई. बांधाच्या टोकाला इरले घेतलेली एक बाई उभी असेल. फेरीतल्या अनोळखी माणसालाही आपण ‘माउली’ म्हणून हाक मारतो. ती हाक तिच्यासाठी आपल्या तोंडी येते का, एवढे त्या वेळी पाहावे.